अध्यक्षांची रेघ

त्या ऑफिसात पाऊल टाकलं की आधी वास यायचा. भिंतीला आलेल्या ओलीचा, जुन्या गोंदाचा आणि मोठ्या साहेबांच्या टेबलाखालच्या टोपलीत कालपासून पडलेल्या केळ्याच्या सालींचा. शहर पुढच्या वीस वर्षांत कुठे वाढणार, घरं कुठे होणार, कारखाने कुठे, बागा कुठे, हे सगळं याच वासात बसून ठरायचं. ठरवणाऱ्यांना त्याचं काही वाटायचं नाही. त्यांची नाकं केव्हाच मेली होती. एकीचं तेवढं शाबूत होतं, आणि तेच तिला नडत होतं.

तिला ऑफिसात रेघबाई म्हणायचे. नकाशे काढणं हे तिचं काम. एक रेघ इकडची तिकडे झाली तर बाईला जेवण जायचं नाही, म्हणून पडलेलं हे नाव. आधी चिडवायला म्हणत, मग सगळ्यांना सवय झाली, मग मोठे साहेबसुद्धा बिनदिक्कत हाक मारू लागले, "रेघबाई, उत्तरेकडचा भाग आणा बघू." नगररचनेचं रीतसर शिक्षण घेतलेली, परीक्षा देऊन लागलेली बाई ती. पण तिने मनावर घेतलं नाही. कुणी काही म्हणा, काम नीट झालं म्हणजे पावलं, असं तिला सुरुवातीला वाटायचं. सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं.

तिला शिकवलं मामाने. आईबाप लहानपणीच गेले तेव्हा बाकीचे नातेवाईक हळहळत घरोघरी परतले, आणि मामाने तिची पेटी उचलून खांद्यावर टाकली. मामा एकटा. त्याचा शिड्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, तर गल्लीच्या एका बाजूला लांबच लांब आवार, वर पत्रा, दोन्ही तोंडं उघडी. रुंदी खोलीभर, लांबी मात्र विचारू नका. आणि लांबी हवीच. शिडीचे उभे दांडे सलग लाकडाचे लागतात. ते लाकूड सरळ आडवं टाकून सावकाश वाळू द्यावं लागतं, नाहीतर पीळ खातं, आणि पीळ खाल्लेल्या शिडीवर चढलेला माणूस थेट दवाखान्यात जातो. रंगारी, फळबागवाले, विजेच्या खांबांवर चढणारे, आग विझवणारे, झाडून सगळे मामाकडूनच शिडी नेत. "माझ्या शिडीवरून पडलेला माणूस दाखवा, मिशी उतरवतो," असं मामा म्हणायचा. मिशी अजून जागेवर होती, चांगली झुबकेदार.

गल्लीच्या दुसऱ्या बाजूला एकाला एक चिकटलेली बसकी घरं. त्यातल्या कोपऱ्यावरच्या घरात गाद्या भरणारी मावशी राहायची. सख्खी नव्हे, अख्ख्या गल्लीची मावशी. रेघबाई लहान असताना मामा कामात बुडालेला असला की हीच तिची वेणी घालून तिला शाळेत पिटाळायची, केसांत कापूस अडकलेला असायचा तो तसाच. आणि मामाच्या कारखान्याच्या मागे शहराच्या मालकीचं जुनं कचऱ्याचं मैदान. आता तिथे कचरासुद्धा कुणी टाकत नव्हतं. ओसाड पडलं होतं नुसतं.

तर आराखड्याचं काम सुरू झालं, आणि बाहेरून एक सल्लागार बोलावला गेला. गळ्यात टाय, पायात टोकदार बूट, आणि तोंडात सतत काहीतरी चघळत असलेलं. शिपायाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव टाय ठेवलं. या टायने जो जाडजूड अहवाल आणला, त्यात शहराच्या बंदराची वाढ कशी करावी यावर अख्खं प्रकरण होतं. बंदर! अहो, समुद्र इथून दिवसभराच्या वाटेवर! रेघबाईने बोट ठेवून दाखवलं तेव्हा टाय हसला. "अरेच्चा, मागच्या शहरातलं राहिलं वाटतं," म्हणाला, आणि बंदर खोडून त्याने तिथे बस स्थानक लिहिलं. बाकी मजकूर तोच. जहाजांची ये-जा वाढणार होती, ती आता बसगाड्यांची वाढणार होती. झालं. रेघबाईच्या डोक्यात तिडीक गेली, पण मोठे साहेब म्हणाले, "असतात हो अशा बारीकसारीक चुका." तिने गिळलं.

मग ती बैठक झाली. नियोजन समितीच्या अध्यक्षांना नकाशातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण समितीवर ते होते, म्हणजे रस्ते तेच काढणार. रेघबाईने महिनाभर डोळे फोडून केलेला नकाशा टेबलावर पसरला होता. राहण्याच्या जागा पिवळ्या, दुकानं निळी, बागा हिरव्या, कारखाने जांभळे. त्यावर चहाचे कप आले, बिस्किटांच्या बशा आल्या. "अहो, नकाशावर नको," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. अध्यक्षांनी बिस्किट चहात बुडवलं, अर्धं तोंडात टाकलं, आणि बोटांना लागलेला ओला चुरा नकाशाच्या हिरव्या बागेला पुसला. शी! बागेवर तो लगदा तसाच राहिला.

"मधून एक मोठा रस्ता पाहिजे," अध्यक्ष भरल्या तोंडाने म्हणाले. "शहर वाढणार म्हणजे रस्ता पाहिजेच. पेन द्या."

टायने लगबगीने खिशातून मार्कर काढून दिला, तांबडा, खोक्यांवर पत्ता लिहायचा तसला जाड. अध्यक्षांनी नदीपासून सुरुवात केली. रेघ सरळ निघाली, स्टेशनाच्या अलीकडून गेली, कचऱ्याच्या मैदानात शिरली. आणि तिथे त्यांचाच कप ठेवलेला होता. अर्धा भरलेला, वर साय धरलेली. कप उचलायचा की नाही हो? दुसरा हात काय शोभेला होता? पण दुसऱ्या हातात बिस्किट होतं. तेव्हा अध्यक्षांनी कपाला वळसा घातला. मार्कर कपाच्या कडेकडेने गोल फिरला, पलीकडे निघाला आणि पुन्हा सरळ चालू लागला.

"वा!" मोठे साहेब म्हणाले. "वळण काय सुरेख घेतलंत!"

टायने मान डोलावली. समितीतल्या बाकीच्यांनी री ओढली. रेघबाईचं लक्ष मात्र त्या वळणाच्या फुगलेल्या पोटाकडे होतं. मैदानाच्या बाहेर येऊन ते पोट थेट एका लांबट अरुंद तुकड्यावर बसलं होतं. मामाच्या कारखान्यावर. बरोबर मधोमध.

"साहेब, तिथे कप होता म्हणून..." ती बोलू लागली.

"रेघबाई," साहेब तिच्याकडे न बघता म्हणाले, "अध्यक्षांची रेघ जशीच्या तशी उतरवा."

आणि उतरवली, खरोखर जशीच्या तशी! तिच्या हाताखालच्या आरेखकाने पट्टी लावून मार्करची जाडीसुद्धा मोजली, आणि नकाशाच्या प्रमाणात रस्त्याची तेवढी रुंदी मांडली. त्या रुंदीच्या रस्त्यावर विमान उतरलं असतं. "अरे, मार्करच जाड होता," ती म्हणाली. "पण बाई, रेघ अध्यक्षांची आहे. मी बारीक कशी करू?" तो कळवळून म्हणाला. लेकराबाळांचा माणूस, नोकरी टिकवायची होती. तिने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली. आडपडदा न ठेवता सांगितलं, की साहेब, रस्ता सरळ गेला तर ओसाड मैदानातून जातो, कुणाचं काही जात नाही. वळण घेतलं तर माझ्या मामाच्या कारखान्याचे दोन तुकडे होतात. आणि वळण आलंय ते कपामुळे.

"कप होता की नव्हता, हे आता नकाशावर दिसतंय का?"

"दिसतंय. डाग पडलाय."

"मग डाग काढा," साहेब म्हणाले. मग जरा मऊ झाले. "हे बघा, मामा तुमचे, मग तर काळजीच नको. आराखडा जाहीर होईल, आपण लोकांकडून हरकती मागवू. मामांना हरकत घ्यायला सांगा. सुनावणी होईल, तिथे दुरुस्त करू. सुनावणी असते कशासाठी?"

तिचा जीव भांड्यात पडला. कितीही सडलं तरी कायद्याची एक वाट आहे, असं म्हणत ती टेबलाशी परतली. बिचारीला अजून बरंच शिकायचं होतं.

आराखडा जाहीर झाला. त्यात टायने त्या वळणाबद्दल लिहिलं होतं, 'भूरचनेचा मान राखून घेतलेले डौलदार वळण'. कसली भूरचना? जमीन तळहातासारखी सपाट! आणि वळणाच्या आत, जिथे कप उभा होता तिथे, कपाच्याच आकाराचा एक निळा गोल रंगवला होता. 'नियोजित गोल बाजार'. महिना उलटायच्या आत त्या गोल बाजाराची जागा अध्यक्षांच्या जावयाला भाडेपट्ट्याने मिळाली. रेघबाईला ही बातमी शिपायाकडून कळली. शिपायाला आधीच सगळं माहीत असायचं.

मामाला तिने कपाची गोष्ट सांगितली तेव्हा तो आधी हसतच सुटला. हसता हसता थांबला. मग कारखान्याच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत चालत गेला आणि परत आला.

"म्हणजे पोरी, मी आयुष्यभर राबलो ते चहाच्या कपाखाली जाणार?"

"नाही जाणार. हरकत घ्यायची. मी अर्ज कसा लिहायचा ते सांगते."

"तू आहेस म्हणून," मामा म्हणाला, आणि त्याने तिच्या डोक्यावर भुसा लागलेला हात ठेवला.

सुनावणीच्या दिवशी मामा धुतलेला सदरा घालून आला. मिशीला तेल लावलेलं. बाहेरच्या बाकावर सकाळपासून बसवून ठेवला, जेवणाची वेळ टळल्यावर आत बोलावला. आत समिती जेवून सुस्तावली होती. नकाशा तोच, आणि त्यावर आता संत्र्याच्या साली पडलेल्या. अध्यक्ष काडीने दात कोरत होते. कोरून झालं की काडीच्या टोकाकडे बघायचे, आणि टोकावर जे काही असेल ते नकाशाच्या कडेला टिचकीने उडवायचे. रेघबाई भिंतीशी उभी होती. तिला वाटलं, या सगळ्यांच्या अंगावर हा नकाशा गुंडाळावा आणि एकदाचं नेऊन त्या मैदानात टाकून यावं. कचराच टाकायचा तर तिथे जागा होती.

मामा सावकाश, आदबीने बोलला. लाकूड कसं वाळवावं लागतं, लांब दांडा म्हणजे काय, जागा मधोमध तुटली तर उंच शिडी बनवताच कशी येणार नाही. "अर्धी जागा राहते, असं साहेब म्हणतात. पण अर्ध्या जागेत पुरी शिडी मावत नाही हो."

अध्यक्षांनी काडी बाजूला ठेवली. "मग छोट्या शिड्या करा," ते म्हणाले.

हशा पिकला. साहेब हसले, टाय हसला, टिपणं घेणारा कारकूनसुद्धा हसला. एकाला तर हसता हसता ठसका लागला, त्याने संत्र्याची बी बाहेर काढून हातरुमालात ठेवली. मामाही हसला. हे रेघबाईने पाहिलं आणि तिला सगळ्यात जास्त तेच झोंबलं. मिशीला तेल लावून आलेला तिचा मामा, ज्याने कुणाकडे कधी तोंड वेंगाडलं नव्हतं, तो त्या घाणेरड्या विनोदावर मान हलवून हसत होता. कारण त्याला काम करून घ्यायचं होतं.

संध्याकाळी साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"तुमच्या मामांचं काम करतोय मी," ते म्हणाले, उपकाराच्या सुरात. "घरचं माणूस म्हणजे करायलाच हवं."

"वळण काढून टाकताय?"

"छे! वळण कसं काढणार? आत गोल बाजार आहे. अध्यक्षांच्या जावयांनी तिथे कामसुद्धा काढलंय. सरळ रेघ आता विसरा." त्यांनी नकाशावर बोट फिरवलं. "आपण वळण थोडं मोठं करू. मामांच्या आवाराला वळसा घालून गल्लीत उतरवू, आणि गल्लीच्या पलीकडून नेऊ. मामांची जागा अख्खी राहते. उलट रस्त्याला लागून येते. नशीबच उघडलं म्हणा!"

त्यांचं बोट जिथे थांबलं होतं तिथे बसक्या घरांची ती रांग होती.

"साहेब, इथे लोक राहतात."

"त्यांनी हरकत कुठे घेतली?"

"घेतील कशी? जाहीर केलेल्या नकाशात त्यांच्यावरून काही गेलंच नव्हतं!"

"मग हरकत नाही, असंच म्हणायचं," साहेब म्हणाले. "या गल्लीतून एकच अर्ज आला, तुमच्या मामांचा. तो आपण मान्य करतोय. लोकशाही आणखी काय असते?"

"पण पुन्हा जाहीर करावं लागेल. पुन्हा हरकती मागवाव्या लागतील."

"किरकोळ फेरबदलाला लागत नाही."

किरकोळ! तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. मावशीच्या घरातली एकेक वीट तिला पाठ होती. दाराशी कापसाची गाठोडी, आत उजेडाकडे तोंड करून ठेवलेलं शिलाईचं यंत्र, पलीकडच्या घरात घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा आणि त्याची आंधळी बायको. हा किरकोळ फेरबदल. ती म्हणाली, "मी ही रेघ काढणार नाही."

"काढू नका," साहेब शांतपणे म्हणाले. "टाय काढेल."

"माझा विरोध आहे असं मी लेखी देईन."

"द्या की. फायलीत जागा भरपूर आहे." त्यांनी टेबलावरचं केळं सोलायला घेतलं. "मात्र एक सांगतो, रेघबाई. हे तुमच्यासाठी केलंय. उद्या तुम्हीच तोंड वाकडं केलंत, तर वळण पुन्हा मामांवर आणायला मला कितीसा वेळ लागतो?"

ती बाहेर आली. आरेखनाच्या खोलीत टाय तिच्याच खुर्चीवर बसून, तिचीच पट्टी घेऊन काम करत होता, आणि चघळता चघळता शीळ घालत होता. फार वेळ लागला नाही त्याला. तिने विरोधाचा कागद लिहिला, आवकच्या खिडकीत दिला. कारकुनाने शिक्का मारला आणि तो कागद एका ढिगावर टाकला. ढिगावर पंख्याचा वारा येत होता. कागद उडू नयेत म्हणून ढिगावर अर्धी खाल्लेली बिस्किटांची पुडी ठेवली होती.

रात्रभर तिने मनाशी घोळवलं, पण एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती. मामाला हे कळलं तर तो उसळेल. अनाथ पोरीची पेटी खांद्यावर घेणारा माणूस तो. उद्या सकाळी ऑफिसात येऊन तो साहेबांच्या टेबलावर हात आपटेल, मला अशी जागा नको म्हणेल, अख्खी गल्ली घेऊन येईल. तेवढं झालं तर टायची रेघ टिकायची नाही. गल्ली उभी राहिली की भलेभले शेपूट घालून पळतात. मामा आहे, या एका विचारावर ती सकाळी तडक गल्लीत गेली.

मामा कारखान्यात होता, आणि गात होता. गात! कामावरचे दोघे त्याच्याकडे बघून हसत होते.

"आलीस? ये, ये!" त्याने रंधा ठेवला. "तुझ्या साहेबांचा फोन आला होता काल. स्वतः केला त्यांनी, काय माणूस आहे! म्हणाले, तुमच्या भाचीमुळे तुमचं काम झालं. अख्खी जागा राहिली, पोरी! आणि रस्ता दारात! आता लाकडाची गाडी आतपर्यंत येईल."

"मामा, इकडे ये. बस."

तिने त्याला कारखान्याच्या मागच्या तोंडाशी नेलं, लाकडाच्या थप्पीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. रस्ता कुठून जाणार, कुणावरून जाणार. मावशीचं घर, घड्याळवाल्या म्हाताऱ्याचं घर, ती सगळी रांग. एकही शब्द गाळला नाही. मामा ऐकत होता. त्याचं गाणं थांबलं, चेहरा उतरला, आणि तिला बरं वाटलं. आता उसळणार, तिला वाटलं.

मामाने मांडीवरचा भुसा झटकला. पुन्हा झटकला, तिथे काही नसताना.

"त्यांनी हरकत कुठे घेतली?" तो म्हणाला.

रेघबाईला आधी कळेचना हे कोण बोललं. तेच शब्द. साहेबांच्या तोंडातले, नकाशावर बोट ठेवून म्हटलेले, जसेच्या तसे.

"मामा!"

"अगं, माझं वय काय आता? मी नव्याने कुठे जागा शोधू? त्यांना सरकार काहीतरी देईलच की. घरं कुठेही बांधता येतात. माझं तसं नाही." तो तिच्याकडे बघत नव्हता. "आणि रस्ता कुणावरून तरी जाणारच ना? मी का त्यांच्या वाईटावर आहे? मी एक शब्द बोललो नाही कुणाविरुद्ध. जे झालं ते वरच्यांनी केलं."

"तू नाही म्हणालास तर होणार नाही ते. तू आणि मी, दोघं जाऊ. आत्ता जाऊ."

"बस झालं आता," मामा म्हणाला. उठला आणि आत निघाला.

तिला त्या क्षणी मामाची किळस आली. आली म्हणजे आलीच, लपवण्यात काय अर्थ? तेल लावलेली ती मिशी, तो भुसा झटकणारा हात, सगळ्याची. आणि त्या किळसेची तिला इतकी लाज वाटली की ती थप्पीवरच बसून राहिली.

तेवढ्यात पुढच्या तोंडाशी आवाज आला. "आहेस का रे शिडीवाल्या?" मावशी होती. पदर खोचलेला, हातात पत्र्याचा तुकडा आणि खिळ्यांचा डबा. "छपराचा एक पत्रा उडालाय माझा. तासाभरासाठी शिडी दे की. भाडं काय घ्यायचं ते घे, पण रडवू नकोस."

मामाने क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग तोंड भरून हसला.

"तुझ्याकडून भाडं? वेडी का खुळी तू?" तो म्हणाला. स्वतः आत जाऊन चांगली, नवी, हलकी शिडी निवडून घेऊन आला. "राहू दे तुझ्याकडेच, घाई नाही. आणि पत्रा नीट ठोक, दोन वर्षं बघायला नको." मग भाचीकडे वळला. "धर गं दुसरं टोक. तिला एकटीला झेपायची नाही."

रेघबाईने टोक धरलं. का धरलं, तिचं तिलाच माहीत. दोघींनी शिडी गल्ली ओलांडून नेली, मावशी पुढे, ही मागे. मावशीची बडबड चालूच होती, गुडघा दुखतो, कापूस महागलाय, तू वाळलीस किती. शिडी भिंतीला लावली. मावशीने पहिल्या पायरीवर पाय ठेवून हलते का बघितलं. हलली नाही.

"मावशी," रेघबाई म्हणाली, "तो आराखडा लागला तेव्हा तुम्ही कुणीच कसा अर्ज केला नाही? मामाने केला तेव्हा?"

"करणार होतो की!" मावशी म्हणाली. "तांबडी रेघ इतकी जवळ आलेली बघून सगळेच घाबरले होते. घड्याळवाल्याने तर लिहूनसुद्धा काढला होता अर्ज, सगळ्यांच्या सह्यांचा. आज तुझ्या मामाची जागा घेतायत, उद्या आमची घेतील, आत्ताच सगळ्यांनी मिळून ओरडू या, म्हणाला. पण तुझ्या मामानेच थांबवलं. म्हणाला, गर्दी केली की साहेब लोक चिडतात, माझंही काम बिघडेल. म्हणाला, तुम्ही निश्चिंत राहा. आपली पोरगी आहे ना तिथे, ती सगळ्यांचं बघेल." ती हसली. "मग आम्ही फाडून टाकला कागद. खरंच होतं ना त्याचं? तू असताना आम्हाला कसली भीती?"

रेघबाईने शिडीचा दांडा घट्ट धरला. गल्लीच्या पलीकडे मामा कारखान्याच्या तोंडाशी उभा होता, आणि तिच्याकडे बघून मान हलवत होता. नको म्हणत होता. हळूच, कुणाला दिसणार नाही अशी.

"मावशी, पाय खाली घे," ती म्हणाली. "घरात चल. पत्रा ठोकू नकोस."

"का गं?"

तिने सांगितलं. भिंतीला टेकलेल्या शिडीशी उभं राहूनच सांगितलं. सांगून झाल्यावर मावशीने एकदा आपल्या छपराकडे बघितलं, मग गल्लीपलीकडे बघितलं. मामाने पाठ फिरवली होती, आणि तासून गुळगुळीत झालेला एक दांडा तो पुन्हा तासत होता.

"त्याला हे माहीत आहे?" मावशीने विचारलं.

"हो."

"मग त्याने मला शिडी कशाला दिली गं?"